दर रविवारी तेल, तरी पाच महिन्यांत चेन गेली : नाशिकमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गंगापूर रोडलगतच्या एका गल्लीत माझं सायकल दुरुस्तीचं छोटं गॅरेज आहे. पूर्वी माझ्याकडे पेपरवाल्यांच्या, दूधवाल्यांच्या आणि शाळकरी मुलांच्या सायकली यायच्या. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. त्यानंतर गिअरच्या सायकली दिसू लागल्या आणि हळूहळू निम्मं काम त्यांचंच झालं. सायकल बदलली, पण तेल घालायची पद्धत तीच राहिली: कुपी उलटी करायची, पेडल उलटं फिरवायचं, चेन चमकली की काम झालं. खालचं प्रकरण लिहायचं कारण तेच आहे.

ज्यांचं हे प्रकरण आहे त्यांना इथे भाऊसाहेब म्हणतो. त्यांना विचारूनच लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय पंचेचाळिशीच्या आसपास, राहायला पंचवटीत, कामाला अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने धातू कापणाऱ्या यंत्रावर. साखर काठावर आली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालायला वेळ कुठून काढणार, म्हणून त्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये चोवीस गिअरची हायब्रिड सायकल घेतली आणि कंपनीत सायकलनेच जायला लागले. रोजची वाट अशी: द्वारका चौक, मुंबई नाका, पाथर्डी फाटा, अंबड. जाऊन-येऊन २३ किलोमीटर, आठवड्यातले सहा दिवस. मनात आणखी एक होतं. आषाढीआधी नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी जाते, तिच्यात एकदा तरी जायचं.

सायकलीची हेळसांड करणारा हा माणूस नाही. दर रविवारी सकाळी ते सायकल मोटारसायकल धुण्याच्या सेंटरवर नेत, प्रेशरच्या पाण्याने धुऊन घेत आणि घरी येऊन लगेच चेनला तेल घालत. तेल कंपनीतलं, स्टोअरवाल्याला विचारून बाटलीभर आणलेलं स्लाइडवे ऑइल, ६८ नंबरचं. महागड्या मशीनची गाइड, म्हणजे सरकपट्टी, ज्या तेलावर सरकते ते सायकलच्या चेनला कमी पडणार नाही, हा त्यांचा हिशोब.

अडचण

फेब्रुवारीत ते गॅरेजवर आले तेव्हा तक्रार गिअरची होती. “दादा, सिग्नल सुटला की जोर लावतो आणि पेडल मध्येच निसटतं. पाय एकदम खाली जातो. परवा द्वारकेला मागून ट्रक होता, हँडलवर आपटलो असतो.” दोन ठिकाणी त्यांनी गिअर सेट करून घेतले होते. दोन दिवस बरं वाटायचं, परत तेच.

चेन पाहिली आणि गिअरला हात लावायची गरजच वाटली नाही. पट्ट्यांवर, रोलरवर, डिरेलरच्या (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाच्या) दोन्ही लहान चाकांवर काळ्या लोण्यासारखा थर होता. सिंहस्थाच्या तयारीसाठी शहरभर रस्ते खोदलेले, त्यातून उडणारी माती, सिमेंट, काळ्या दगडाची कच, सगळं त्या चिकट तेलात बसलं होतं. थोडा मळ बोटावर घेऊन मी त्यांच्या बोटांवर ठेवला आणि म्हटलं, चोळून बघा.

त्यांनी अंगठा आणि तर्जनी दोनदा फिरवली. तिसऱ्यांदा फिरवण्याआधीच थांबले. “ही तर लॅपिंग पेस्ट आहे.”

पोलादाचा पृष्ठभाग घासून घासून आरशासारखा करायला वापरतात ती पेस्ट त्यांच्या रोजच्या हाताखालची. तेलात मिसळलेली कठीण पूड, बाकी त्यात काही नसतं. पाच महिने दर रविवारी आपण चेनला काय भरवत होतो, हे मी सांगण्याआधी त्यांच्या बोटांनी त्यांना सांगितलं. पुढचं सगळं समजावणं त्यामुळे सोपं झालं.

तपासणी: झीज कुठे आणि किती

“चेन ताणली” असं आपण म्हणतो, पण पोलादी पट्ट्या काही रबरासारख्या लांबत नाहीत. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते. आतल्या पट्ट्यांना भोकाभोवती बारीक कॉलर असते, पिन तिच्या आत फिरते आणि रोलर तिच्या बाहेरून फिरतो. पिन आणि कॉलर झिजली की सांधा सैल होतो. असे शंभरावर सांधे सैल झाले की चेन लांब दिसते.

हा सांधा किती राबतो ते बघा. पुढे ३८ दात्यांचं चाक आणि मिनिटाला ७५ पेडल धरले, तर ११२ कड्यांची चेन मिनिटाला साधारण २५ फेऱ्या मारते, म्हणजे तासाला दीड हजार. एका फेरीत प्रत्येक सांधा पुढच्या चाकावर, मागच्या दात्यांवर आणि डिरेलरच्या दोन चाकांवर चढताना वाकतो, उतरताना सरळ होतो. आठ हालचाली. तासाला बारा हजार. तेल लागतं ते या हालचालीला, आणि ती सगळी आतमध्ये, डोळ्याआड चालते. पट्टीच्या बाहेरून जे चमकतं त्या तेलाला काहीच काम नसतं. ते फक्त धूळ धरतं.

मोजायला गेज लागतंच असं नाही. चेन ताणात ठेवायची, स्टील पट्टीचं शून्य एका पिनच्या कडेला लावायचं आणि तिथून चोविसावी पिन बघायची. कडी अर्ध्या इंचाची असते, म्हणजे नव्या चेनला बरोबर १२ इंच, ३०४.८ मिलिमीटर. भाऊसाहेबांनी स्वतःच वाचलं: ३०८. एक टक्क्याच्या थोडं वर. आठ गिअरच्या चेनला (भाऊसाहेबांची तीच: पुढे तीन चाकं, मागे आठ, मिळून चोवीस गिअर) पाऊण टक्क्यावर, म्हणजे ३०७ च्या आसपास, निरोप द्यायचा असतो. अकरा-बारा गिअरच्या चेन अरुंद, त्यांना अर्ध्या टक्क्यावरच. एक टक्का ओलांडला की चेन मागचे दाते आपल्या मापाने खाऊन काढते आणि मग नुसती चेन बदलून भागत नाही.

त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला, मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. “तीन पॉइंट दोन भागिले चोवीस. सांध्याला एकशे तीस मायक्रॉन. आम्ही वीस मायक्रॉनला जॉब रिजेक्ट करतो.”

मी चेन तोडली, एक पिन ठोकून पूर्ण बाहेर काढली, पुसली आणि त्यांच्या तळहातावर दिली. मधल्या भागात स्पष्ट पायरी पडली होती, नख फिरवलं की अडकत होतं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते पिनवरचं पावडर. तपकिरी, कोरडं, गंजाचं. बाहेरून तेल ओघळणारी चेन आतून कोरडी होती. प्रेशरच्या पाण्याने कच आणि पाणी दोन्ही आत ढकललं जायचं, आणि चेन ओली असतानाच वरून जाड तेलाचा थर बसायचा. पाण्याला बाहेर यायला वाट नाही, तेलाला आत जायला वाट नाही.

अंतर साधारण २,६०० किलोमीटर झालं होतं. नीट ठेवलेली आठ गिअरची चेन याहून बरीच जास्त चालते.

पहिला निर्णय: काय बदलायचं

चेन आणि मागची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चाकांचा संच, दोन्ही बदलली. पुढची तीन चाकं ठेवायची की नाही यावर थोडं अडलो. नवी चेन मधल्या चाकावर बसवून पुढून ओढून पाहिली. ती दात्यांवरून उचलली जात नव्हती, दात्यांना आकड्यासारखा वाकही आला नव्हता, म्हणून ठेवली. मजुरी धरून २,३०० रुपये झाले. भाऊसाहेबांना पैशांपेक्षा मनापासून लागलं ते वेगळंच. “मी काहीच केलं नसतं तर कमी झिजली असती का?” कमी नसती झिजली, पण फार फरकही पडला नसता, असं मला वाटतं आणि तेच मी त्यांना सांगितलं.

वंगणाचे पर्याय

आता प्रश्न तेलाचा. इथे आम्ही अर्धा तास बसलो. प्रत्येक पर्याय त्यांच्या रोजच्या दिवसाला लावून पाहिला.

गंजलेले नटबोल्ट सोडवायला जो स्प्रे सगळ्यांच्या घरी असतो, तो आधी बाजूला ठेवला. तो पाणी हटवतो, जुनं तेल सैल करतो, स्वतः मात्र फार पातळ थर मागे ठेवतो. चेन दोन दिवस गप्प बसते आणि मग आत असलेलं वंगणही गेलेलं असतं. शिवाय त्यांच्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत. स्प्रेचा फवारा मागच्या डिस्कवर गेला तर पॅड बाद, आणि द्वारकेच्या गर्दीत ब्रेक न लागणं म्हणजे काय हे सांगायला नको.

शिलाई मशीनचं तेल आणि कंपनीतलं स्पिंडल ऑइल एका जातीचं: पातळ, चटकन आत शिरणारं, धूळ कमी धरणारं. पण टिकत नाही. रोज २३ किलोमीटरला दर दोन-तीन दिवसांनी घालावं लागलं असतं. घरात पडून असलेल्या, महिन्यातून दोनदा सोमेश्वरपर्यंत जाणाऱ्या सायकलला मी तेच सांगतो.

मोटारसायकलचं २० डब्ल्यू ४० इंजिन ऑइल अनेक जण वापरतात. वंगण म्हणून ते वाईट नाही, थेंबाथेंबाने घालून पुसलं तर चालतं. मात्र इंजिनमधून काढलेलं काळं तेल कधीच नको, त्यात धातूची झीज आधीच मिसळलेली असते. ग्रीसचा मुद्दा एका वाक्यात संपला: बाहेरून लावलेलं ग्रीस फटीतून आत जातच नाही.

गरम मेणाचा पर्याय भाऊसाहेबांना फार आवडला, मशीनवाल्या माणसाला आवडणारच. चेन तेलाचा अंशही उरणार नाही इतकी स्वच्छ करायची, पॅराफिन मेण उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवायचं, चेन त्यात बुडवून ठेवायची, बुडबुडे थांबले की काढून लटकवायची. गार झाल्यावर चेन हाताला कोरडी लागते आणि धूळ जवळजवळ चिकटत नाही. नाशिकच्या उन्हाळ्यात याहून स्वच्छ काही नाही. अडचण अशी की चेन दर काही आठवड्यांनी काढावी लागते, मेण थेट गॅसवर ठेवणं आगीला आमंत्रण आहे, आणि एका जोरदार पावसात सगळं धुऊन जातं. त्यांच्या दोन खोल्यांत, पाळ्यांच्या नोकरीत हे महिनाभर टिकलं असतं, पुढे नाही. मी नको म्हटलं.

राहिल्या दुकानातल्या दोन बाटल्या. ड्राय ल्यूब म्हणजे पातळ द्रवात मिसळलेलं मेण. द्रव उडून जातो, मेण सांध्यात राहतं. धूळ कमी धरते, पण घातल्यावर काही तास सुकावं लागतं आणि पावसात टिकत नाही. वेट ल्यूब जाड आणि चिकट, पाण्याला दाद देत नाही, पण कोरड्या धुळीत त्याचीही पेस्ट होते.

आणि त्यांचं स्लाइडवे ऑइल? ६८ हा आकडा म्हणजे ४० अंश सेल्सिअसला तेल किती जाड त्याचा. पण या तेलाची खरी ओळख त्याचा चिकटपणा आहे. मशीनच्या उभ्या गाइडवरून ओघळू नये, कूलंटच्या, म्हणजे धातू कापताना गार ठेवणाऱ्या, पाण्याने धुऊन जाऊ नये, म्हणून ते मुद्दाम तसं बनवतात. म्हणजे स्वभावाने ते वेट ल्यूबचंच भावंड. बंद कव्हरखालच्या मशीनला जे गुण, ते मार्चच्या धुळीत उघड्या चेनला अवगुण.

काय ठरलं, काय केलं

ठरलं ते असं: उन्हाळाभर ड्राय ल्यूब, दर शनिवारी संध्याकाळी. रविवारी सुट्टी, त्यामुळे सुकायला पूर्ण रात्र मिळते. प्रेशर वॉशिंग बंद. पाण्याने धुवायचीच झाली तर बादली आणि फडकं, आणि चेन पूर्ण वाळल्याशिवाय तेलाची बाटली उघडायची नाही.

नव्या चेनला कंपनीचं ग्रीस आतपर्यंत भरलेलं असतं, ते चांगलं असतं. पहिले अडीचशे-तीनशे किलोमीटर ते तसंच ठेवलं, फक्त बाहेरून डिझेलच्या ओलसर फडक्याने पुसलं. मग क्विक लिंक (चेनमधली हाताने उघडणारी कडी) उघडून चेन काढली आणि रुंद तोंडाच्या बरणीत डिझेलमध्ये घालून खळखळवली, तीन वेळा, दर वेळी नवं डिझेल. वापरलेलं डिझेल दोन दिवस ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वरचं पुन्हा कामाला येतं. गाळ मी गॅरेजच्या टाकाऊ तेलाच्या डब्यात टाकतो. पंचवटीतल्या गटारीत तो ओतला तर जातो कुठे, हे आपल्याला माहीत आहे.

तेल घालणं मी त्यांच्या हातून करून घेतलं. सायकल भिंतीला टेकवलेली, डाव्या हाताने पेडल उलटं. क्विक लिंकपासून सुरुवात, म्हणजे फेरी कुठे पुरी झाली ते कळतं. चेनच्या खालच्या धावेवर, दात्यांना लागणाऱ्या बाजूने, प्रत्येक रोलरला एक थेंब, रोलर आणि पट्टी यांच्या फटीत उतरेल असा. ११२ थेंब. पहिल्यांदा त्यांना सात मिनिटं लागली, नंतर चार. मग पेडलच्या वीस-तीस उलट्या फेऱ्या, सायकल रात्रभर उभी, आणि सकाळी पुसणं.

पुसण्यावर मी मुद्दाम वेळ घालवला, कारण इथेच सगळे हात आखडता घेतात. जुनं सुती बनियन चेनभोवती मुठीत धरायचं आणि पेडल फिरवत राहायचं, फडक्याची जागा बदलत, जोपर्यंत फडक्यावर नवा डाग पडायचा जवळजवळ थांबत नाही तोपर्यंत. “मग घातलेलं सगळं निघून नाही का जाणार?” त्यांनी विचारलं. आतलं निघत नाही. फडकं फटीत जात नाही. निघतं ते बिनकामाचं.

एप्रिल: एक घसरण

एप्रिलच्या मध्यात चेन करकरायला लागली. त्या आठवड्यात रोजच्या वाटेवरचा एक तुकडा पूर्ण उखडलेला होता आणि ऊन चाळिशीला टेकलेलं. शनिवार यायला तीन दिवस होते. कंपनीतून निघताना भाऊसाहेबांनी स्लाइडवे ऑइलचे चार-पाच थेंब सोडले. आवाज बंद झाला. शनिवारी त्यावरच ड्राय ल्यूब घातलं आणि दोन्ही मिळून चिकट गोळे झाले, डिरेलरच्या चाकांवर चिकटून बसले. पुन्हा डिझेलची बरणी.

दोष त्यांचा कमी, माझा जास्त. “शनिवारी घाला” सांगितलं होतं, पण “शनिवारच्या आधीच आवाज आला तर काय” हे सांगितलं नव्हतं. त्यानंतर नियम बदलला: आवाज आला की त्याच रात्री कोरड्या फडक्याने पुसून तेच ड्राय ल्यूब, वार कुठलाही असो.

दुसरा निर्णय: पाऊस

माझी मोठी चूक इथे झाली. मी त्यांना सांगितलं होतं, “जूनच्या पहिल्या आठवड्यात या, पावसाळ्याचं तेल देतो.” कॅलेंडर बघून सांगितलं होतं. २०२५ ला मे महिन्यातच नाशिक जिल्ह्यात पाऊस पडत राहिला, शेतकऱ्यांचा कांदा भिजला. मॉन्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. भाऊसाहेब मी सांगितलेल्या तारखेची वाट पाहत, भिजत कंपनीत जात होते. चेनवर ड्राय ल्यूब नावापुरतंही उरलं नव्हतं.

एका रविवारी वारीच्या सरावाला ते त्र्यंबकेश्वरला गेले. अंजनेरीच्या चढाला चेन इतकी किंचाळत होती की सोबतचे लोक वळून पाहत होते. परतताना सरळ गॅरेजवर आले. पट्ट्यांवर केशरी गंज, तीन कड्या वाकल्यावर सरळच होत नव्हत्या. वारी तीन आठवड्यांवर. कोणीतरी त्यांना बाथरूमच्या अ‍ॅसिडमध्ये चेन बुडवायला सांगितलं होतं. नशीब की आधी विचारलं. अ‍ॅसिडने गंज जातो, पण कडक केलेल्या पोलादात हायड्रोजन शिरतो आणि पट्टी ठिसूळ होते. अशी चेन चढावर उभं राहून जोर लावताना तुटते.

गंज वरवरचा होता. डिझेल, पितळी ब्रश, अडकलेल्या कड्या हाताने आडव्या हलवून मोकळ्या केल्या. मोजली: ३०५.४. चेन वाचली होती.

मग भाऊसाहेबांनी विचारलं, “दादा, आता आमचं स्लाइडवे ऑइल चालेल का? कूलंटमध्ये धुऊन जात नाही ते.”

मी लगेच हो म्हणालो नाही. याच तेलात पहिली चेन गेलेली पाहिली होती, आणि दुकानात वेट ल्यूबची बाटली समोर होती. पण विचार केला तर त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. मे अखेरीस रस्त्यावर उडणारी धूळ बसली होती आणि शत्रू आता पाणी होतं. पहिल्या वेळी तेल जितकं चुकीचं होतं, त्याहून जास्त चुकीचं होतं ते घालणं: ओल्या चेनवर, ओतून, न पुसता. आम्ही ठरवलं की एक आठवडा चाचणी. कोरड्या, स्वच्छ चेनवर, रोलरला एकच थेंब. तेल जाड, म्हणून आत उतरायला अर्धा तास द्यायचा, मग नेहमीपेक्षा दुप्पट पुसायचं. आणि रोज घरी पोहोचल्यावर, सायकल जिन्याखाली लावण्याआधी, चेनवरून फडक्याच्या दहा फेऱ्या.

आठवड्यात चार दिवस भिजूनही चेन गप्प होती. गंज नाही. फडक्यावर मळ येत होता, म्हणजे धरत होतं, पण रोज निघत होतं. ही एका सायकलची, एका पावसाळ्याची गोष्ट आहे, त्यावरून मी सगळ्यांना मशीनचं तेल वापरा म्हणणार नाही. ज्याला रोज पुसणं जमणार नाही त्याने तर नाहीच.

वारी आणि नंतर

जूनमध्ये ते वारीला गेले. नगर, टेंभुर्णी मार्गे तीन दिवसांत पंढरपूर. खिशात औषधाच्या रिकाम्या ड्रॉपर बाटलीत पंधरा मिली तेल आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बनियनचा तुकडा. दुसऱ्या मुक्कामी पाऊस थांबल्यावर त्यांनी आपली चेन पुसून तेल घातलं, आणि मग शेजारच्या दोघांच्या चेनलाही तसंच करून दिलं. त्यातले एक सत्तरीचे काका होते, आदल्या दिवशी दिवसभर त्यांची चेन करकरत होती. काकांनी सकाळी विचारलं, तेल कुठलं? भाऊसाहेब म्हणाले, तेल सोडा, फडकं बघा. हे त्यांनी मला पंढरपूरहून फोनवर सांगितलं, आणि मला फार बरं वाटलं.

पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी, आम्ही चेन पुन्हा डिझेलमध्ये धुतली आणि ड्राय ल्यूबवर आणली. या वेळी तारीख नव्हती. सलग चार दिवस रस्ता कोरडा आणि मागून येणाऱ्या गाडीने धूळ उडवली, की बदल. उलट बदलाची खूण पहिली भिजलेली फेरी. हेच मार्चमध्ये सांगायला हवं होतं.

काय साधलं

नोव्हेंबरच्या मध्यात मोजलं तेव्हा नवी चेन सुमारे ३,९०० किलोमीटर चालली होती आणि माप ३०६ भरलं, म्हणजे ०.४ टक्के. पहिली चेन २,६०० मध्ये एक टक्का पार गेली होती. पेडल निसटणं मार्चनंतर एकदाही झालेलं नाही. वर्षभरातला वंगणाचा खर्च म्हणजे ड्राय ल्यूबची एक बाटली, ५५० रुपयांची, अजून तळाशी थोडी शिल्लक आहे.

सगळं श्रेय वंगणाला देणं मात्र बरोबर नाही. प्रेशर वॉशिंग बंद झालं, हा माझ्या मते निम्मा फरक असू शकतो. शिवाय ते आधी पुढचं मोठं चाक आणि मागचं सगळ्यात मोठं चाक एकत्र लावून तिरक्या चेनवर चालवत, तेही सुटलं. तीन गोष्टी एकदम बदलल्या, त्यामुळे कुठलीने किती वाचवलं हे वेगळं काढता येत नाही. दुखणं थांबवायचं होतं, प्रयोग करायचा नव्हता, म्हणून त्याबद्दल मला खंत नाही.

आज काय वेगळं केलं असतं

मी सायकल विकत नाही, पण सप्टेंबरमध्ये घेतल्यावर पहिल्या सर्व्हिसला कोणीतरी त्यांच्या हातात स्टील पट्टी द्यायला हवी होती. ३०६ ला कळलं असतं तर नुसती चेन बदलून भागलं असतं, कॅसेट वाचली असती. आता गॅरेजवर येणाऱ्या प्रत्येकाची चेन मी त्यांच्यासमोर मोजतो आणि आकडा सीटच्या नळीवर, आतल्या बाजूने, मार्करने तारखेसह लिहितो.

दुसरं, तेलाचं नाव सांगण्याआधी माणसाचा आठवडा विचारायला हवा. सायकल कुठे उभी असते, भिजते का, रात्री दहा मिनिटं मिळतात का. भाऊसाहेबांना मी ते विचारलं, पण तेही त्यांनी लॅपिंग पेस्ट ओळखल्यावर, बोलणं वाढलं म्हणून. एरवी बाटली देऊन मोकळा झालो असतो.

गरम मेणाला नको म्हटलं, त्याबद्दल आता माझं मन तितकं ठाम नाही. त्यांचा पुसण्याचा हात पाहता त्यांना ते जमलं असतं. जानेवारी ते एप्रिल, पाऊस नसताना, दोन चेन आलटून-पालटून ठेवल्या तर मेणात बुडवायचा दिवस महिन्यातून एकच येतो. त्यांनी दुसरी चेन घेऊन ठेवली आहे आणि जुना इलेक्ट्रिक राइस कुकर शोधत आहेत, स्वयंपाकघरातला नको म्हणून. पहिली बुडवणी माझ्या गॅरेजमध्ये करायची, असं ठरलं आहे.